पॉल रिव्हियरचं घर आणि घराणं : या चुका टाळा

अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला प्रसिद्ध सोनार पॉल रिव्हियर याची वंशावळ लिहिताना आधी त्याचं घर पाहा. बोस्टनच्या नॉर्थ स्क्वेअरमधलं हे लाकडी घर १६८०च्या सुमाराचं आहे. तेवढ्यावरून ते वडिलोपार्जित समजू नका. त्याने ते १७७०मध्ये विकत घेतलं आणि १८००मध्ये त्याची मालकी संपली. पहिला मालक रॉबर्ट हॉवर्ड हा व्यापारी होता, रिव्हियरांच्या घराण्यातला नव्हे. घराच्या मालकांची यादी आणि वंशावळ वेगवेगळ्या कागदावर मांडा.

याहून फसवी चूक म्हणजे आज दिसतं तेच घर पॉलने पाहिलं असं धरणं. त्याच्या काळात पुढचं छप्पर उचलून घर तिमजली झालेलं होतं. १९०७-०८च्या जीर्णोद्धारात तो वाढीव मजला उतरवला आणि घराला पुन्हा सतराव्या शतकाचं रूप दिलं. सोळा मुलांच्या बापाला तो मजला किती लागला असेल! तेव्हा आजचा फोटो वंशावळीत लावलात, तर खाली हे लिहाच. भट्टी-हातोडाही इथे शोधू नका, दुकान वेगळीकडे होतं.

आडनावाचा माग वडिलांपाशी तुटला, तर घाबरू नका. वडील फ्रान्सहून आलेले ह्युगेनो, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट; मूळ नाव अपोलोस रिव्हॉयर. ते जॉन कोनी या सोनाराकडे उमेदवारीला होते, पुढे त्यांनी नाव बदलून पॉल रिव्हियर केलं. मुलगा पॉल आणि नातूही पॉल. तिघेही चांदीकाम करणारे. म्हणून भांड्यावरचा नुसता ‘रिव्हियर’ ठसा पुरावा मानू नका. थोरले १७५४मध्ये वारले, निदान त्या सालाशी ताडून पाहा.

आईचं माहेर तर सर्रास गाळलं जातं. ती हिचबोर्नांची, कागदोपत्री या आडनावाची स्पेलिंगं बदलत राहतात. शेजारचं विटांचं घर पुढे पॉलच्या मामेभावाचं, होड्या बांधणाऱ्या नॅथॅनिएल हिचबोर्नचं झालं. हा धागा सुटला की तो नुसता शेजारी उरतो.

मुलांच्या नोंदी करताना आधी आई कोण ते ठरवा. पॉलची पहिली बायको सारा १७७३मध्ये वारली, त्याच वर्षी रेचेलशी लग्न झालं. दोघींची आठ-आठ मुलं. जॉन नावाचे तीन मुलगे सापडतील. आधीचा दगावल्यावर तेच नाव पुन्हा ठेवलं, त्यामुळे ‘दुबार नोंद’ म्हणून कुणालाही पुसू नका.

पॉलचा जन्म कुठे १७३४चा, तर कुठे १७३५चा दिसेल. ही लेखनिकाची चूक नाही. बाप्तिस्मा जुन्या (ज्युलियन) पंचांगाने डिसेंबर १७३४मधला. नव्या (ग्रेगोरियन) पंचांगासाठी अकरा दिवस पुढे सरकवले की जानेवारी १७३५ येतो. तारखेपुढे ‘जुनी’ की ‘नवी’ ते लिहा, आणि बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या रकान्यात टाकू नका.