जाड-बारीक रेघांचा फॉन्ट शीर्षकासाठी कसा वापरावा

काना ठसठशीत आणि जोडणारी रेघ केसाएवढी: अशा अक्षरांना हाय-कॉन्ट्रास्ट डिस्प्ले फॉन्ट म्हणतात. मुखपृष्ठ, पोस्टर, लग्नपत्रिका, अत्तराचं खोकं अशा ठिकाणी ती फार देखणी दिसतात. मात्र सगळी मदार त्या बारीक रेघेवर असते. ती जपली तर फॉन्ट जिंकला. इथे 'रोझा वन' हा देवनागरी फॉन्ट घेऊन पायऱ्या सांगतो.

१. फॉन्ट उतरवून घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी घडवलेला हा फॉन्ट २०१४ मध्ये आला. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो आणि व्यावसायिक कामालाही चालतो. त्यातली रोमन अक्षरं १९व्या शतकातल्या जाहिरातींत गाजलेल्या 'फॅट फेस' म्हणजे अतिजाड वळणाची आहेत आणि देवनागरीलाही तोच टोकाचा कॉन्ट्रास्ट दिला आहे. मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या.

२. स्वतःचं शीर्षकच टाइप करा. नमुन्याची मुळाक्षरं सुंदरच दिसणार, त्यावर जाऊ नका. शीर्षकात 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'स्त्री', 'हृदय' असे शब्द असतील तर अक्षर मोठं करून जवळून बघा. 'स्त्री'मध्ये तीन व्यंजनं आणि वेलांटी एकत्र येतात. तिथे पांढरी जागा उरते की काळा गठ्ठा होतो? गठ्ठा होत असेल तर शब्द बदला किंवा फॉन्ट बदला, तिसरा मार्ग नाही. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' ही जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा 'मराठी' निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणाची अक्षरं उमटतात. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयातही हीच वळणं आहेत, आणि मराठी मुखपृष्ठावर ती असावीत असं मला मनापासून वाटतं.

३. आकार मोठा ठेवा. ३० पॉइंटांच्या खाली मी उतरत नाही. लांबून वाचायच्या पाटीवर बारीक रेघ आधी नाहीशी होते आणि नुसते काने उरतात.

४. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ही युक्ती खपते, देवनागरीत शिरोरेघ तुटते. अक्षरं आडवी ताणू किंवा दाबू नका. त्याने जाड-बारीकचं मापच बिघडतं. सॉफ्टवेअरचं कृत्रिम 'बोल्ड'ही नको. त्यात बारीक रेघ सुजते आणि फॉन्ट निवडल्याचा हेतूच जातो. ओळींमधलं अंतर मात्र सढळ द्या, वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडता कामा नये.

५. एकाच शाईत छापा. चार रंगांच्या मिश्रणातून केलेलं शीर्षक एका रंगाची छपाईची प्लेट किंचित सरकली तरी कडेला रंग दाखवतं. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हवं असेल तर आकार आणखी वाढवा, कारण शाई पसरून बारीक रेघ बुजते. गजबजलेल्या फोटोवर हा फॉन्ट टाकूच नका.

६. आतल्या मजकुराला साधा फॉन्ट द्या, उदाहरणार्थ 'मुक्ता' किंवा 'तिरो देवनागरी मराठी'.

छपाईला देण्याआधी खऱ्या मापात, शक्यतो त्याच कागदावर एक प्रत काढा. गुळगुळीत आर्ट पेपरवर रेघ स्वच्छ उमटते, वर्तमानपत्री कागदावर शाई फुटते. प्रत भिंतीला लावून चार पावलं मागे या आणि अनोळखी माणसाला शीर्षक वाचायला सांगा. तो एखाद्या अक्षरावर अडखळला तर ते अक्षर पुन्हा तपासा.