तेलकट केसांसाठी ड्राय शाम्पू कसा निवडावा

आज केस धुतले आणि उद्या दुपारी भांगाजवळ पुन्हा चप्प, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी ड्राय शाम्पू, म्हणजे पाण्याशिवाय केसांतलं तेल शोषणारी पूड किंवा फवारा, सोयीचा आहे. मात्र डब्याची पुढची बाजू वाचून काही कळत नाही. तिथे सगळेच ‘ताजेतवाने’ आणि सगळेच ‘घनदाट’. निवडायचं ते मागची बाजू वाचून, आणि त्याच्याही आधी आपल्या डोक्याला नेमकं काय झालंय ते पाहून.

१. तेल आहे की घाम, ते आधी बघा

केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी भांगावर टिश्यू पेपर दाबून धरा आणि पंख्याखाली ठेवून द्या. डाग वाळून गेला तर तो घाम. पारदर्शक डाग तसाच राहिला तर ते टाळूतल्या ग्रंथींतून येणारं तेल, म्हणजे सीबम. ड्राय शाम्पूतली पूड तेल शोषते आणि केस सुटे दिसतात. टाळू स्वच्छ होत नाही. ओल्या टाळूवर मात्र त्याच पुडीची साडीला घालतात तशी खळ होते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत पुष्कळांना ‘हे आपल्याला चालतच नाही’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी केस पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग पूड.

रविवारी चांगलं चोपडून लावलेलं खोबरेल हा वेगळा प्रकार. तिथे ड्राय शाम्पूचा उपयोग नाही, न्हाणं हाच उपाय.

२. मागचं लेबल वाचा

घटक साधारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली चार-पाच नावं महत्त्वाची. त्यांत तेल शोषणारी वस्तू हवी. ओरायझा सटायव्हा म्हणजे तांदळाचा स्टार्च, झिया मेज म्हणजे मक्याचा, आणि टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो त्याचा. अॅल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट हे नाव भीतीदायक दिसतं, पण तोही स्टार्चच. त्यावर प्रक्रिया केलेली असल्याने तो लवकर चिकट होत नाही, म्हणून दमट हवेत राहणाऱ्यांनी या नावाला घाबरून डबा परत ठेवू नये. सिलिका वजनाला हलकी आणि तेल ओढायला जोरदार; फार तेलकट टाळूला स्टार्चसोबत ती असलेली बरी. केओलिन ही पांढरी माती, तीही चालते.

टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरीतलं खनिज, असलेली पूड मी टाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातला, आणि पर्याय इतके असताना तो घेण्याचं कारण दिसत नाही. अल्कोहोलमुळे फवारा पटकन वाळतो, पण टाळूवर ओरखडे किंवा पुरळ असेल तर झोंबेल. ‘डीप कंडिशनिंग’ किंवा तेलांची नावं मिरवणारे प्रकार रुक्ष केसांसाठी. तेलकट केसांवर आणखी तेल कशाला?

३. फवारा की पूड

फवारा वापरायला सोपा, पण त्या डब्यात बराचसा भाग ब्युटेन, प्रोपेन यांसारख्या वायूंचा असतो. त्यामुळे मोठा डबा बघून ‘भरपूर माल’ समजू नका; लहानशी पुडीची डबी बहुधा जास्त दिवस पुरते. हे वायू पेट घेतात. गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ फवारू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवू नका.

ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत डव्ह, ट्रेसमे वगैरे नावांचे काही ड्राय शाम्पू बाजारातून परत मागवले, कारण त्यांत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन असण्याची शक्यता होती. ते आलं होतं फवाऱ्याच्या वायूतून, पुडीतून नव्हे. परत मागवलेले डबे ऑक्टोबर २०२१ पूर्वी बनलेले होते. यावरून प्रत्येक फवारा घातक ठरत नाही. पण ज्यांना ही शंकाच नको असेल त्यांनी बिनवायूची, शिंपडायची पूड घ्यावी. दम्याचा त्रास असेल तर फवारा टाळा. पूडसुद्धा डोक्यावर उधळण्यापेक्षा ब्रशने लावा. फवारा घ्यायचाच असेल तर उत्पादनाची तारीख ताजी बघा आणि खिडकी उघडून वापरा.

४. काळ्या केसांवर पांढरं दिसणार का?

दिसतं, आणि ते कोंड्यासारखंच दिसतं. काळ्या केसांसाठीच्या तपकिरी छटेच्या पुडी मिळतात, त्या बघा. मात्र त्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला आणि उशीच्या अभ्र्याला लागतात.

५. लहान पॅक घ्या आणि नीट वापरून बघा

पहिल्यांदा थोडं कानामागे लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली नाही तर पुढे जा. फवारा असेल तर डबा चांगला हलवा, नाहीतर नुसता वायू बाहेर येतो आणि पूड तळाशी राहते. भांग पाडत पाडत, साधारण १५ ते २० सेंटीमीटर अंतरावरून, फक्त मुळांशी मारा. दोन मिनिटं थांबा, बोटांनी चोळा, मग विंचरा. सकाळच्या घाईपेक्षा रात्री झोपण्याआधी लावलं तर पुडीला तेल शोषायला वेळ मिळतो.

एकदा-दोनदा वापरलं की पाणी आणि नेहमीच्या शाम्पूने केस धुवायचेच. पूड साठत गेली की खाज सुटते, पुटकुळ्या येतात. तेलकट कोंडा असेल तर ड्राय शाम्पू त्याला फक्त झाकतो; त्यासाठी त्वचातज्ज्ञाकडे जा. केस अचानक फार तेलकट होऊ लागले आणि सोबत पाळी अनियमित झाली किंवा चेहऱ्यावर केस वाढू लागले, तरीही डॉक्टरांना दाखवा.

विकत घेण्याआधी हा प्रकारच आपल्याला झेपतो का ते पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट पुरेसं आहे. दोन चमचे पिठात एक चमचा कोको पावडर मिसळा आणि जुन्या मेकअप ब्रशने मुळांशी लावा. त्यात खायचा सोडा घालू नका, तो अल्कधर्मी असल्याने टाळू कोरडी पडते. आणि कोको बिनसाखरेचाच घ्या. दुधात घालायची चॉकलेट पावडर वापरलीत तर उशीवर मुंग्या येतील.