चादरीच्या फोटोचे किती घ्यायचे?

आपल्या फोटोग्राफरला मालाचे फोटो काढायचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मालक, एका फोटोला किती?" आणि आपण लगेच आकडा बोलून मोकळे होतो, तिथंच मार खातो. मी पण खाल्लाय. एका चादरवाल्याला पन्नास रुपये फोटो सांगून बसलो आणि चादरी आल्या गठ्ठ्यातनं चुरगळून, अर्धा दिवस नुसती इस्त्री.

म्हणून आधी आपल्या एका दिवसाचा खर्च काढा. समजा घरखर्च ३५ हजार, कॅमेरा-लेन्स-लाईट मिळून १ लाख ८० हजाराचे, ३ वर्षं चालतील धरलं तर महिन्याला ५ हजार, आणि पेट्रोल, नेट, सॉफ्टवेअर असं अजून ५ हजार. झाले ४५ हजार. पैसे मिळणारे दिवस महिन्यात १५च धरा, बाकीचे कोटेशन देण्यात आणि पैसे मागत फिरण्यात जातात. म्हणजे दिवसाला ३ हजार, याच्या खाली गेलात तर खिशातनं घालताय.

आता काम बघा. ४० डिझाईन, प्रत्येकी ३ फोटो. चादरीला इस्त्री, घडी, काठ सरळ करणं, रंग बरोबर यावा म्हणून ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला मालाशेजारी धरायचं करड्या रंगाचं कार्ड (मरून रंग फोटोत लाल दिसला की गिऱ्हाईक माल परत पाठवतं आणि शिव्या आपल्याला), यात नगाला १२ मिनिटं तरी जातात, लाईट लावणं-काढणं धरून २ दिवस. एडिटिंग फोटोला ५ मिनिटं, म्हणजे १० तास, दीड दिवस. साडेतीन दिवसांचे १०,५००, हाताखालच्या पोराचे १,२००, जाण्यायेण्याचे ३००, झाले १२ हजार. वर २० टक्के नफा, १४,४०० सांगा. टॉवेल असेल तर लिंट, म्हणजे सुटलेले बारीक धागे, काढण्यात वेळ जातो, शेंगा चटणीच्या चकचकीत पाऊचवर लाईट चमकतो, तिथं मिनिटं वेगळी धरा.

फोटो कुठं टाकणार हे विचाराच. अ‍ॅमेझॉनच्या मेन फोटोला पूर्ण पांढरं बॅकग्राऊंड लागतं आणि वस्तूनं ८५ टक्के जागा भरावी लागते, ते एडिटिंग जास्तीचं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आपल्या कॉपीराईट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईकच असतो, वेगळं ठरलं नसेल तर. तुम्हाला हक्क ठेवायचे असतील किंवा होर्डिंगचे वेगळे पैसे पाहिजे असतील तर आधीच लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स, दुरुस्ती एकदा फुकट, हे पण त्याच मेसेजमध्ये.

मग मालक म्हणणार, "जास्त होतंय की, २-२च फोटो काढा." इथं सांभाळा. १४,४०० म्हणजे फोटोला १२० पडले, त्या हिशोबानं ८० फोटोंचे ९,६०० होतात, पण इस्त्री आणि घडी तेवढीच राहिली, एडिटिंगचा फक्त अर्धा दिवस वाचला. तीन दिवसांचे ९,०००, पोराचे आणि जाण्यायेण्याचे १,५००, म्हणजे तुमचा खर्चच १०,५०० आहे. त्यामुळं वर २० टक्के धरून १२,६०० सांगायचे, नाहीतर डिझाईन कमी करा म्हणायचं.