विश्वासातून घसरल्यावर परत कसं यावं

घसरलेल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्याला बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, "प्रार्थना वाढवा, उपास धरा, सगळं ठीक होईल." दुसरा, "देव प्रेमळ आहे, झालं गेलं विसरून जा." पहिल्याने माणूस दमून जातो. दुसऱ्याने पाप तसंच आत राहून कुजतं. मी स्वतः घसरलो, परत आलो, आणि त्यानंतर मंडळीतल्या बऱ्याच जणांबरोबर हीच वाट पुन्हा चाललो. कुठे अडतं ते आता मला पाठ झालंय. पश्चात्तापाशी सहसा अडत नाही, कबुलीशीही फारसं नाही. खरी अडचण कबुलीनंतर येते, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एका टप्प्यासाठीच ठेवला आहे.

तुमच्याजवळ बायबल आहे, प्रार्थना कशी करतात हे ठाऊक आहे आणि परत यायची थोडी तरी इच्छा आहे, एवढं गृहीत धरतो.

आधी नेमकं काय झालंय ते पाहा

प्रत्येक घसरण पापामुळेच होते असं नाही. 1 राजे 19 मधला एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला एका शब्दानेही रागावलं नाही. आधी झोपू दिलं, दोनदा खाऊपिऊ घातलं, आणि बोलणं पुढे होरेब डोंगरावर झालं. झोप उडाली असेल, आजारपण किंवा शोक चालू असेल, कामाने पिळून निघाला असाल, तर आधी विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना भेटा. नसलेलं पाप शोधत बसू नका. तसंच, दुसऱ्याने तुमच्यावर अत्याचार केला असेल तर ते पाप त्याचं आहे. त्याची क्षमा तुम्ही मागायची नसते.

ठळक असं काही घडलेलं नाही, फक्त सगळं थंड पडलंय, असं असेल तर प्रकटीकरण 2:5 वाचा. इफिस इथल्या मंडळीला तिथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि आरंभी करत होतास ती कामं पुन्हा कर. नवीन काही करायला सांगितलेलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत तुम्ही पहाटे एक स्तोत्र वाचत होतात, आजाऱ्यांना भेटायला जात होतात, तर तेच पुन्हा सुरू करा.

उरलेला लेख ज्यांच्या मनात एखादं ठरावीक पाप सलतंय त्यांच्यासाठी आहे.

पापाचं नाव घेऊन कबुली द्या

"माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर." ही कबुली नव्हे. त्यातलं "असेल तर" काढून टाका आणि जे केलं ते जसंच्या तसं बोला: खोटी सही केली, व्यभिचार केला, भीतीपोटी प्रभूला नाकारलं. कारणं देऊ नका. शौल राजाला शमुवेल संदेष्ट्याने पकडलं तेव्हा त्याने लोकांकडे बोट दाखवलं, मग "पाप केलं" असं म्हटलं आणि लगेच वडीलजनांसमोर आपला मान राखायची विनंती केली. दावीद राजाचं पाप, व्यभिचार आणि खून, त्याहून भयंकर होतं. नाथान संदेष्ट्याने "तो मनुष्य तूच आहेस" म्हटल्यावर मात्र त्याने एकाच वाक्यात कबुली दिली, त्यात पळवाट ठेवली नाही.

याच वेळी "पुन्हा कधीच करणार नाही" अशी शपथ घेऊ नका. नवस करून तो न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशक 5:5 सांगतं. "मी कधीही अडखळणार नाही" असं येशूचा शिष्य पेत्र ज्या रात्री म्हणाला, त्याच रात्री त्याने प्रभूला तीनदा नाकारलं.

नुकसान भरून द्या

जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. तुम्ही निदान घेतलेलं तरी परत करा. गुन्हा घडला असेल तर देवासमोरच्या कबुलीने कायद्यासमोरची जबाबदारी टळत नाही, आणि "मंडळीतच मिटवून टाकू" असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका.

आता मुख्य अडचण: क्षमा मागून झाली, पण जवळ जाववत नाही

1 योहान 1:9 (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) तोंडपाठ असतं, कबुली झालेली असते, तरीही माणूस प्रार्थनेला बसत नाही. उपासनेला गेलाच तर मागच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जातो. विचारलं तर म्हणतो, "इतक्यात नको. थोडे दिवस नीट वागून दाखवतो, मग देवापुढे जातो."

ऐकायला हे फार नम्र वाटतं. मीही त्याला नम्रपणाच समजत होतो, आणि त्यात माझे कित्येक महिने गेले. शिक्षा मीच सुनावली होती आणि ती कधी संपणार हेही मीच ठरवणार होतो. अशी शिक्षा कधी संपत नाही. नीट वागायला जे बळ लागतं ते देवाजवळ गेल्यावर मिळतं, आणि आपण नेमकं तिथेच जायचं टाळत असतो. मग बळाअभावी पुन्हा पडतो, आणि शिक्षेची मुदत आणखी वाढवतो. पहिल्या पापाने मला देवापासून जेवढं दूर नेलं नाही, तेवढं या वाट पाहण्याने नेलं. म्हणून ठासून सांगतो: लायक होईपर्यंत थांबायचं नाही. एक दिवससुद्धा नाही.

लूक 15 काढा आणि वचनं 18-19 ही वचन 21 शेजारी ठेवून वाचा. येशूच्या दृष्टांतातल्या धाकट्या मुलाने दूर देशात डुकरं चारताना घरी काय बोलायचं ते ठरवलं. त्यात तीन गोष्टी होत्या: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिल्या दोन बोलून झाल्या. तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडलेली दिसत नाही, कारण त्याआधीच बाप दासांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगू लागला. बापाने कबुली ऐकून घेतली. "लायक नाही" हेही ऐकलं आणि त्यावर वाद घातला नाही. मोलकऱ्याची बोली मात्र तशीच राहून गेली. "थोडे दिवस नीट वागून दाखवतो" म्हणताना आपण तीच बोली पुन्हा लावत असतो.

दुसरी जोडी पेत्र आणि यहूदा यांची आहे. मत्तय 27 नीट वाचलं तर धक्का बसतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला होता, "मी पाप केलं" हे तो बोलला होता, त्यासाठी घेतलेले तीस रुपये त्याने परत नेऊन दिले होते. आपल्या वरच्या दोन्ही पायऱ्या त्याने चढल्या होत्या. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, "त्याचं आम्हाला काय? तुझं तूच पाहा." मग स्वतःचा न्याय त्याने स्वतःच केला, आणि आपला जीव दिला. पेत्र त्या रात्री बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुढे तिबिर्याच्या समुद्रावर, किनाऱ्यावर उभा आहे तो प्रभू आहे हे कळताच, मचवा काठाला लागायचीही वाट न पाहता त्याने पाण्यात उडी टाकली. अजून त्याची चौकशी झाली नव्हती. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न तीनदा विचारला गेला तो त्यानंतर, आणि तोही न्याहारी झाल्यावर. आधी जवळ जाणं, मग जेवण, मग हिशेब, असा तो क्रम आहे. तुम्ही तो उलटा करू नका.

इथे एक गंभीर गोष्ट सांगतो. आपलं जगणंच संपवावं असे विचार येत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता, याच घडीला, कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. एकट्याने प्रार्थनेत बसून ते विचार परतवायचा प्रयत्न करू नका. मदत मागणं हा अविश्वास नाही.

घसरलेल्यांचा प्रश्न मंडळीपुढे फार जुना आहे. इ.स. 250 च्या सुमारास रोमी सम्राट देकियसने सगळ्यांना देवतांपुढे बलिदान करून तसा दाखला घ्यायचा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बलिदान केलं, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर ते परत आले. अशांना मंडळीने क्षमा देऊच नये, असं रोममधल्या नोवाशियनचं म्हणणं होतं. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणाले की प्रायश्चित्तानंतर परत घ्यावं, आणि 251 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेत तसं ठरलं. पुढे 325 च्या निकियाच्या परिषदेने नोवाशियनच्या गटातून परतणाऱ्या धर्मसेवकांवर अट घातली की छळात घसरून परत आलेल्यांबरोबर आम्ही सहभागिता ठेवू, असं त्यांनी लिहून द्यावं. त्या काळी प्रायश्चित्त कडक असायचं, पण ते मंडळी ठरवायची आणि त्याला शेवट असायचा. माणसाने एकट्याने, मनातल्या मनात स्वतःला बाहेर उभं करायचं, असं मंडळीने कधी सांगितलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. कबुली दिली त्याच दिवशी पुन्हा प्रार्थनेला बसा. शब्द सुचत नसतील तर 51 वं स्तोत्र मोठ्याने वाचा, किंवा प्रभूची प्रार्थना म्हणा. त्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला लागूनच ऋणं सोडायची विनंती आहे. भाकर मागायला आपण लायक व्हायची वाट पाहत नाही, मग क्षमेसाठी का पाहावी? लाज वाटेल. ती असू द्या, तिच्यासकट बसा. पाच मिनिटं पुरे, पण दुसऱ्या दिवशीही बसा.

येत्या रविवारी प्रभुभोजन असेल तर उठून जाऊ नका. 1 करिंथकरांस 11 मधलं अयोग्य प्रकारे घेण्याविषयीचं वचन वाचून लोक घाबरतात आणि त्याच्या पुढचं, 28 वं, वाचतच नाहीत. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं पौल तिथे म्हणतो. परीक्षा करून दूर राहावं, असं म्हणत नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर आधी धर्मगुरूंकडे पापनिवेदन करा, त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त पुरं करा, आणि त्यात पदरची भर घालू नका.

आनंद लगेच परत येणार नाही. दावीदानेही "तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे" अशी विनंतीच केली होती, म्हणजे तो त्या क्षणी त्याच्याजवळ नव्हता. मन दोष देत राहिलं तर 1 योहान 3:20 पाहा: देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. आणि "माझं पाप क्षमा न होणारं असेल का?" या भीतीने ज्यांची झोप उडते त्यांनी मार्क 3:30 वाचावं. येशूमधल्या पवित्र आत्म्याच्या कामाला जे अशुद्ध आत्म्याचं काम म्हणत होते, त्यांना उद्देशून क्षमा न होणाऱ्या पापाविषयीचे ते शब्द आहेत. क्षमेसाठी तळमळणारा माणूस त्यांच्यातला नव्हे.

एका माणसाला सांगा

एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोब 5:16 सांगतं. तसं करा, पण एकालाच, आणि जपून निवडलेल्याला. पोटात गोष्ट ठेवणारा, तुमच्याहून मुरलेला आणि शक्यतो तुमच्याच लिंगाचा माणूस निवडा. सगळ्या मंडळीपुढे साक्ष देण्याची घाई करू नका. जखम ओली असताना दिलेली साक्ष ऐकणाऱ्यांच्या कुतूहलाचा विषय होते, आणि त्यात गुंतलेल्या दुसऱ्या माणसाची अब्रूही जाते.

पुन्हा तेच पाप झालं तर

पहिल्या पायरीपासून पुन्हा, त्याच दिवशी. भावाने दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सात वेळा परत आला तरी क्षमा करा, असं सांगणारा प्रभू स्वतः त्याहून कमी क्षमा करेल असं वाटतं का? मात्र फक्त निश्चय वाढवून भागत नाही. कोणत्या वेळी, कुठे, कोणाच्या संगतीत किंवा कोणत्या एकटेपणात पडता ते लिहून काढा आणि तो रस्ताच बंद करा. रात्री मोबाइल हातात असताना पडत असाल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सेवेत परतण्याची वेळ स्वतः ठरवू नका

क्षमा लगेच मिळते, लोकांचा विश्वास हळूहळू मिळतो. ही दोन वेगळी खाती आहेत. नाथानाने दावीदाला क्षमा सांगितली, तरी परिणाम टळले नाहीत. मार्क म्हटलेला योहान पंफुल्याहून प्रवास अर्धवट सोडून परतला, तेव्हा पुढच्या फेरीत त्याला घ्यायला पौल तयार नव्हता, आणि त्यावरून पौलाची त्याचा सोबती बर्णबा याच्याशी फारकत झाली. बर्णबाने मार्काला बरोबर नेलं. पुष्कळ वर्षांनी, तुरुंगातून, तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. तुमच्या पाळकांनी गायनवृंदातून, शब्बाथ शाळेतून किंवा वचन सांगण्यापासून काही काळ थांबायला सांगितलं तर थांबा, वाद घालू नका. किती काळ आणि तोवर कोण तुमच्याबरोबर चालणार, हे मात्र त्यांना विचारून घ्या. उपासनेला येणं आणि रोजची प्रार्थना त्या काळातही सोडायची नाही.