ड्रॉइंग टॅबलेट घेताय? आधी बांगडी ठेवून बघा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेली, फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेली आपल्या भागातली पोट्टी विचारतात, पहिला ड्रॉइंग टॅबलेट, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेननं चित्र काढायची पाटी, कोणता घ्यावा? बिनस्क्रीनचाच घ्या. स्क्रीनवाल्याला बहुतेक वेळा वेगळी वीज लागते, आणि खेड्यात लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही. बिनस्क्रीनचा लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, कोणत्याही कंपनीचा चालेल. प्रेशर लेव्हल (पेनचा दाब ओळखायच्या पायऱ्या) 4096 की 8192 यावर डोकं फोडू नका, हाताला फरक कळत नाही. आकार मात्र बघा. 6 बाय 4 इंचात खांद्यातून रेघ ओढता येत नाही. 10 बाय 6 च्या आसपासचा घ्या.

आता मी जिथं अडकलो ते नीट वाचा. टॅबलेटचा अख्खा पृष्ठभाग अख्ख्या स्क्रीनला जोडलेला असतो. टॅबलेट 10 बाय 6.25 इंचांचा, म्हणजे 16:10. लॅपटॉप 1366 बाय 768 चा, म्हणजे 16:9. प्रमाण जुळत नाही, म्हणून तुम्ही काढलेला गोल स्क्रीनवर सुमारे 11 टक्के रुंद होतो. झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर करायला घ्यावं, तर नायिकेचा चेहरा फुगलेला. कागदावर चालणारा हात इथंच कसा बिघडला, या विचारानं रात्र-रात्र झोप लागत नसे. हात बिघडलेला नसतो! हे कोणत्याच कोर्सवाल्यानं सांगितलं नाही. जो तो म्हणे, सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर (थरथरती रेघ सावरणारी सोय) वाढव. त्यानं रेघ गुळगुळीत होते, प्रमाण तसंच राहतं. असल्या झटपट उपायांच्या नादी लागू नका.

ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये जाऊन टॅबलेटचा वापरायचा भाग स्क्रीनच्या प्रमाणात करा. वॅकॉममध्ये त्यासाठी ‘फोर्स प्रपोर्शन्स’ आहे. 10 इंच रुंदीला साधारण 5.63 इंच उंची येते. खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी बिनकामाची राहते, राहू द्या. मग टॅबलेटवर काचेची बांगडी ठेवून आतून पेन फिरवा. काचेचीच घ्या, धातूची पेनच्या सिग्नलमध्ये अडथळा आणू शकते. शेजारी क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरात एलिप्स टूल घेऊन शिफ्ट दाबून अचूक वर्तुळ काढा आणि ताडून बघा. दुसरा मॉनिटर जोडला की पुन्हा तपासा, कारण टॅबलेट दोन्ही स्क्रीनवर पसरतो आणि ताण आणखी वाढतो.

बसण्याचं म्हणाल तर खाटेवर मांडीत टॅबलेट घेऊन काम करू नका. तो जरा तिरका झाला की सरळ रेघही तिरकी येते. वरची कड स्क्रीनला समांतर हवी. नजर स्क्रीनवर आणि हात खाली, हे सुरुवातीला जमत नाही. सहीसुद्धा धड येत नाही. घाबरू नका, बसतो हात.

मे महिन्यात तळहात घामानं चिकटतो, तेव्हा दोन बोटांचा हातमोजा घाला. निबचं टोक एका बाजूनं झिजून धारदार झालं की लगेच बदला, नाही तर पृष्ठभागावर ओरखडे पडतात. जादा निब बहुधा खोक्यातच असतात.