ब्लोअर बंद? आधी वायर बघा, मग मोटर

पाऊस लागला की खानापूर-चोर्ल्याकडच्या गाड्या बेळगावात माझ्याकडे एकच गाऱ्हाणं घेऊन येतात: काचेवर वाफ धरते, ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) फिरत नाही. लगेच मोटर बदलू नका.

पंखा फक्त चार नंबरवर पळतो, एक-दोन-तीनवर गप्प? मग मोटर चालतेय, बहुधा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेलाय. साध्या नॉबच्या गाड्यांत चारवर करंट रेझिस्टरला वगळून जातो. (ऑटो एसीला हा हिशेब लागू नाही.) रेझिस्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे, हवेच्या वाटेत असतो. तिथल्या पिवळ्या वायरींना हात नको, त्या एअरबॅगच्या. रेझिस्टर काढलात की त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) उजेडात धरा. प्लास्टिक तपकिरी, एखादी पिन काळी दिसली तर कपलरही बदला. सैल पिन तापते आणि नवा रेझिस्टरही खाते. पंखा हातानं फिरवून बघा. जड फिरला तर मोटर जास्त करंट ओढतेय. पाला, उंदराचं घरटं, काहीही निघतं.

कुठल्याच नंबरवर हालचाल नसेल तर फ्यूज बघा. त्याजागी तार गुंडाळणाऱ्याला मी गाडीजवळ फिरकू देत नाही, वायरिंगच पेटतं.

फ्यूज शाबूत? चावी ऑन, पंखा चारवर, मोटरचा कपलर जोडलेलाच ठेवून मल्टिमीटर मोटरच्या दोन्ही पिनांना मागून लावा. 12 व्होल्टच्या आसपास येऊनही मोटर गप्प, तर मोटर गेली. काहीच नाही आलं तर मीटरची काळी वायर बॉडीला लावा. आता 12 दिसले तर बिघाड अर्थकडे, म्हणजे करंट बॉडीकडे परत जाण्याच्या वाटेत. बऱ्याचदा अर्थचा बोल्ट गंजलेला असतो. पॉलिश पेपरनं घासून आवळा.