लाईट गेली तरी फायरवॉल जागेवर

वणीकडच्या आमच्या जिनिंगमध्ये लाईटचा नेम नाही. लाईट आली की सर्व्हर लगेच उठायचा, नेट मात्र उशिरा यायचं. तेवढ्यात फायरवॉलची (नेटवरून येणारं नको ते अडवणाऱ्या पहारेकऱ्याची) स्क्रिप्ट स्पॅमहॉस या संस्थेची ड्रॉप यादी, म्हणजे अडवायच्या घातक नेटवर्कच्या पत्त्यांची यादी, आणायला जायची. यादी नाही, तर आयपीसेटचा संचही, म्हणजे नियमात नावानं वापरायचा पत्त्यांचा गठ्ठाही, तयार नाही. आणि नसलेल्या संचाचं नाव एका जरी नियमात असलं, तरी फायरवॉलचे नियम चढवणारी आयपीटेबल्स-रिस्टोअर ही कमांड अडते आणि त्या टेबलचा (नियमांच्या त्या गटाचा) एकही नियम चढत नाही. काट्याच्या पावत्यांचा सगळा हिशोब उघड्यावर! हे मला अजिबात चालण्यासारखं नव्हतं.

आता रिकामा संच आधी बनतो, डिस्कवरची शेवटची चांगली यादी त्यात भरते, मग नियम चढतात. नवी यादी वेगळ्या फाईलमध्ये उतरते. ती रिकामी नाही ना, अर्धविरामापुढची टिप्पणी छाटल्यावर प्रत्येक ओळीत नेटवर्कचा पत्ताच उरतो ना, हे तपासून ती दुसऱ्या संचात जाते आणि शेवटी आयपीसेट स्वॅप. अदलाबदल एका झटक्यात होते, मधे फट राहत नाही. कुठं काही बिनसलंच, तर जुनी यादी चालू राहते.

ऑफिसच्या लॅनला (आतल्या नेटवर्कला) परवानगी देणारा नियम मात्र यादीच्या वरच ठेवा. नंतर नेटची वायर काढून मुद्दाम रीबूट केलं; सगळे नियम हजर होते.